‘फेक आहे’ हे निदान नव्हे!

ताप हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे, हे या सदराच्या नियमित वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. हिवतापातही ताप येतो, डेंग्यूतही येतो, विषमज्वरातही येतो आणि लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला तरीही येतो. ‘अंगात ताप आहे’ एवढे सांगून रोगी थांबला तर चालते, डॉक्टरने थांबून चालत नाही. कुठला ताप हे शोधल्याशिवाय औषध देता येत नाही, आणि दिले तर रोग दबतो, बरा होत नाही.

आज हे आठवायचे कारण थोडे निराळे आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या पालमसारख्या तालुक्याच्या गावीही एक इंग्रजी शब्द घरोघर पोहोचला आहे. तो शब्द म्हणजे ‘फेक’. चहाच्या टपरीवर, आठवडी बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर आणि माझ्या दवाखान्यातल्या बाकावरही तो रोज कानी पडतो. “ते फेक हाय, डॉक्टर साहेब!” बाळाला गोवराची लस द्या म्हटले, तर लसीचे सगळे फेक. रक्तातली साखर वाढली म्हटले, तर लॅबचा रिपोर्ट फेक. लेंडी नदीला पूर आला, पलीकडच्या गावांचा रस्ता बंद झाला असे कोणी सांगितले, तर व्हिडिओ फेक, मागच्या सालचा. यातले काही खरोखरच खोटे असते. काही जुने असते, काही अर्धवट असते आणि काही शंभर टक्के खरे असते. औषध मात्र सर्वांना एकच! ‘फेक’ म्हणायचे आणि मोकळे व्हायचे.

वाचकहो, खोट्या बातमीवर विश्वास ठेवणे घातक आहे, हे आपण सर्वजण आता जाणतो. त्यावर व्याख्याने होतात, पोलीस खाते आवाहन करते, वर्तमानपत्रांत चौकटी येतात. पण खऱ्या बातमीला ‘फेक’ म्हणून झटकून टाकणे हे तितकेच, किंबहुना काही वेळा अधिक घातक आहे. त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आजचा हा लेख.

शब्दाचा प्रवास

हा शब्द मुळात एवढा सैल नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील वृत्तपत्रांत ‘फेक न्यूज’ हा शब्दप्रयोग आढळतो आणि तेव्हा त्याचा अर्थ साधा होता : रचलेली, बनावट बातमी. पुढे तो मागे पडला. २०१६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा तो पुन्हा वर आला. युरोपात तेव्हा मॅसिडोनिया या नावाने ओळखला जाणारा, आता उत्तर मॅसिडोनिया म्हणवणारा छोटा देश आहे. तेथील वेलेस या गावातून शंभरावर संकेतस्थळे चालवली जात होती, असे त्या वेळी उघडकीस आले. चालवणारे बहुतेक तरुण पोरगे. अमेरिकेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. चटकदार मथळ्यांच्या बातम्या टाकायच्या, त्यातल्या कित्येक निखालस खोट्या, लोकांनी त्या उघडल्या की जाहिरातीचे पैसे मिळायचे, असा तो धंदा. बातमीचा अंगरखा घातलेली थाप, असा ‘फेक न्यूज’चा त्या वेळचा नेमका अर्थ होता.

त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत अर्थ फिरला. ११ जानेवारी २०१७ रोजी निवडून आलेले अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत सीएनएन वाहिनीच्या प्रतिनिधीचा प्रश्न घ्यायला नकार दिला आणि ‘तुम्ही फेक न्यूज आहात’ असे त्याला सुनावले. आता हा शब्द बातमीला लागत नव्हता, तो बातमी देणाऱ्याला लागत होता. बातमी खोटी आहे की नाही हा प्रश्नच उरला नाही. ती मला आवडत नाही, एवढे पुरेसे झाले. त्याच वर्षी कॉलिन्स या इंग्रजी कोशाने ‘फेक न्यूज’ हा वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला. देशोदेशीच्या पुढाऱ्यांनी तो उचलला. अखेर ब्रिटिश संसदेच्या एका समितीने जुलै २०१८ मधील अहवालात सरकारला सुचवले की, या शब्दाला आता एक ठरीव अर्थ राहिलेला नाही, तेव्हा सरकारने तो वापरणेच सोडावे. सरकारने ती सूचना मान्यही केली.

आपल्याकडेही असेच घडले. २ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ‘फेक न्यूज’ देणाऱ्या पत्रकारांची अधिस्वीकृती काढून घेण्याचे परिपत्रक काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घ्यावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची कोणती माहिती बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे, हे सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवावे, अशी ती तरतूद होती. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते विभागली गेली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. बनावट, खोटी आणि दिशाभूल करणारी या शब्दांची व्याख्याच दिलेली नाही, ते संदिग्ध आहेत, हे त्यामागचे एक कारण होते. उच्च न्यायालयालाही ज्या शब्दाचा नेमका अर्थ सापडला नाही, तो आपण दवाखान्यात, शेतात आणि स्वयंपाकघरात दिवसातून दहा वेळा वापरतो!

कोंबडीची गोष्ट, दोन वर्षांतली

हे सारे दिल्ली-मुंबईचे झाले. आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ.

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, असा मजकूर मोबाईलवरून महाराष्ट्रभर फिरला. सोबत रोगट कोंबड्यांची छायाचित्रे. त्या मजकुराला वैद्यकीय आधार नव्हता. कोरोनाचा विषाणू माणसाच्या श्वासावाटे माणसाला लागत होता, कोंबडीच्या रश्श्यातून नव्हे. पशुसंवर्धन खात्याने खुलासे काढले, पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले. कोंबडीचे भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेले. ज्यांनी कर्ज काढून शेड उभारली होती, त्यांना खाद्य परवडेना आणि पक्षी विकताही येईनात. काही ठिकाणी लोकांनी ते फुकट वाटून टाकले. ही अफवा होती. तिला खोटी म्हणणे योग्यच होते.

त्यानंतर वर्षभरात, जानेवारी २०२१ मध्ये, परभणी तालुक्यातील मुरुंबा गावी कोंबड्या मरू लागल्या. दोन दिवसांत सुमारे ८०० पक्षी मेले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि अहवाल आला : बर्ड फ्लू. गावाच्या एक किलोमीटर परिसरातले पक्षी नष्ट करण्याचा आणि दहा किलोमीटर परिसरात विक्री बंद ठेवण्याचा निर्णय प्रशासनाने घेतला. ही अफवा नव्हती. प्रयोगशाळेत तपासलेले, सरकारी शिक्क्याचे सत्य होते. महाराष्ट्राला हा रोग नवा नव्हता. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला होता.

आता गंमत पहा. या खऱ्या बातमीला लोकांनी काय उत्तर दिले? माझ्याकडे येणाऱ्यांत दोन तट पडले. एका तटाने कोंबडी-अंडी सगळेच बंद केले, अगदी उकडलेले अंडेही मुलांना देईनात. दुसरा तट म्हणाला, “गेल्या साली पण असंच उठवलं होतं. फेक हाय सगळं.” आणि मेलेली कोंबडी स्वस्तात मिळते म्हणून ती सोलायलाही त्यांची तयारी होती. दोघांचेही चुकत होते, आणि दोघांच्याही चुकीचे मूळ एकच होते. बातमी कुठली, कोणी दिली, कशाच्या आधारे दिली, हे कोणीच पाहिले नाही. पहिल्याने सगळे खरे धरले, दुसऱ्याने सगळे खोटे.

वैद्यकीय वस्तुस्थिती या दोहोंच्या मधे आहे. बर्ड फ्लूचा विषाणू ७० अंश सेल्सियसच्या वर नीट शिजवलेल्या मांसात टिकत नाही. आपल्याकडचा रस्सा तर चांगला उकळलेला असतो. धोका खाण्यात नाही, आजारी वा मेलेला पक्षी उघड्या हाताने हाताळण्यात, सोलण्यात आणि त्याची पिसे-विष्ठा यांच्या संपर्कात आहे. माणसाला हा आजार क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. म्हणजे ज्याने बातमीला ‘फेक’ म्हटले, तोच नेमका धोक्याच्या जागी जाऊन बसत होता.

यात आणखी एक बाजू आहे. ज्याच्या शेडमधले पक्षी मरतात, त्याला ही बातमी खोटी ठरावी असे मनापासून वाटते. ते स्वाभाविक आहे. त्याला मी दोष देत नाही. पण सरकारी भरपाई ही प्रशासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी असते, आधीच मेलेल्यांसाठी नव्हे. म्हणून जो लवकर कळवतो त्याचे नुकसान थोडे तरी भरून निघते आणि जो ‘फेक, फेक’ म्हणत आठ दिवस काढतो त्याचे सगळेच जाते, शेजाऱ्याचेही जाते.

अफवेने माणसे मरतात

माझ्या लिहिण्याचा अर्थ कोणी असा घेऊ नये की, अफवा ही मामुली गोष्ट आहे. १ जुलै २०१८ चा दिवस महाराष्ट्राने विसरू नये. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्या दिवसांत देशभर ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यातली एक तर मुळात पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या प्रबोधनपटातली होती. शेवटचा भाग, ज्यात मूल सुखरूप परत आणून सोडतात आणि संदेश दाखवतात, तो कापून टाकलेला. दृश्य खोटे नव्हते, त्याला दिलेला अर्थ खोटा होता. नुसते ‘फेक’ म्हणून ही लबाडी कळत नाही. काय कापले, कुठे कापले हे सांगावे लागते.

अफवा आणि सत्य बहुधा एकाच गाडीने प्रवास करतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९९४ साली मोबाईल नव्हते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे संशयित रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत साथीची बातमी फुटली. लाखो लोकांनी सुरत सोडली. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधाच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. त्या काळात कोणी कोणाला काय काय सांगितले असेल याची गणती नाही. परंतु खरे-खोटे दोन्ही एका झटक्यात उडवून लावणारा शब्द त्या वेळी आपल्या तोंडी नव्हता. ‘प्लेग आहे हे खरे, पण अमुक ही अफवा’ असे वेगळे करून सांगावे लागे. ती सवय चांगली होती.

अर्धे खरे, अर्धे खोटे

सर्वांत अवघड प्रकार तो, जिथे मूळ गोष्ट खरी असते आणि तिच्यावर चढवलेला मजला खोटा असतो. कोविशील्ड लसीचे उदाहरण घेऊ. एप्रिल २०२४ च्या अखेरीस बातमी आली की, अॅस्ट्राझेनेका कंपनीने लंडनच्या न्यायालयातील कागदपत्रात, आपल्या लसीमुळे अतिशय क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात, हे मान्य केले. बातमी खरी होती. त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात रक्त पातळ करायची गोळी मागायला माणसे आली. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या लसीसाठी! दुसरीकडे काही सुशिक्षित मंडळी ‘हे सगळे फेक आहे, लसीला काहीही दुष्परिणाम नाहीत’ असे ठासून सांगत होती. तेही खरे नव्हते.

वस्तुस्थिती अशी. हा दुष्परिणाम २०२१ च्या एप्रिलमध्येच युरोपात नोंदला गेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या देशाच्या तज्ज्ञ समितीनेही आकडा प्रसिद्ध केला होता : दहा लाख मात्रांमागे ०.६१. म्हणजे दहा लाखांत एकही पूर्ण नाही. शिवाय हा त्रास होतो तो साधारणपणे लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, तीन वर्षांनी नव्हे. तरुण माणसांना अचानक येणाऱ्या मृत्यूबद्दल भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांत पाहणी केली, तिचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. लसीमुळे असा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. कोविडमुळे रुग्णालयात राहावे लागणे, घराण्यात असे मृत्यू झालेले असणे, अति मद्यपान आणि अतिश्रम, ही कारणे मात्र आढळली. आता सांगा, या साऱ्याला ‘खरे’ किंवा ‘फेक’ अशा एका शब्दात कसे बसवणार?

तसेच दुसरे. कोविडच्या पहिल्या लाटेत प्लाझ्मा मिळवण्यासाठी लोक परभणी, नांदेड, औरंगाबाद करत वणवण फिरले. मग आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेच ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली, प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत असे दिसून आले आणि मे २०२१ मध्ये तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. मला एक शिक्षक म्हणाले, “म्हणजे आधी सांगितलं ते फेकच होतं की!” मी म्हटले, “गुरुजी, आधी सांगितली ती आशा होती. नंतर सांगितला तो हिशेब.” विज्ञान आपले म्हणणे तपासून बदलते, हा त्याचा दोष नव्हे. जो कधीच आपले म्हणणे बदलत नाही, त्याच्यापासून जपून राहावे.

‘फेक’ हे कोणाच्या सोयीचे?

कोणत्याही औषधाबद्दल विचारावे तसे शब्दाबद्दलही विचारावे, याचा गुण कोणाला येतो? काही वर्षांपूर्वी एका गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण एकाएकी वाढले. माझ्याकडेच एका दिवसात त्याच आळीची कितीतरी माणसे आली. नळाच्या पाण्याला वास येत होता. वार्ताहराने तशी बातमी दिली. ज्यांच्याकडे पाण्याची जबाबदारी होती त्यांनी काय करायला हवे होते? ओ.टी. टेस्ट करून पाण्यात क्लोरीन आहे की नाही पाहायचे, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, टीसीएल पावडर टाकायची आणि फुटलेली पाइपलाइन शोधायची. त्यांनी यातले काही करण्याआधी गावाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली : ‘सदर बातमी फेक आहे, ग्रामस्थांनी विश्वास ठेवू नये.’ ग्रामस्थांनी ते पाणी आणखी चार दिवस न उकळता प्यायले. पाइप गटारीजवळच फुटला होता, तो नंतर सापडला.

इथे कोणी खोटी बातमी पसरवली नव्हती. खोटा होता तो खुलासा. पूर्वी नाकारायचे झाले तरी ‘बातमीत तथ्य नाही’ असे म्हणावे लागे, आणि मग लोक विचारत, ‘तथ्य काय ते सांगा.’ ‘फेक’ या शब्दाने ती कटकट मिटवली. हा शब्द उत्तर देत नाही, तो प्रश्न बंद करतो. म्हणून तो सत्ताधाऱ्याला आवडतो, ठेकेदाराला आवडतो आणि खरे सांगायचे तर मधुमेहाच्या रुग्णालाही आवडतो! रिपोर्ट फेक म्हटला की गोडधोड सोडावे लागत नाही.

आपलेच शब्द वापरू या

माझी सूचना साधी आहे. ‘फेक’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवून पाहावा. आपली मराठी या बाबतीत दरिद्री नाही. संपूर्ण रचलेली गोष्ट असेल तर तो बनाव. कोणी सांगितली याचा पत्ता नाही आणि तोंडोतोंडी उडत आली, तर ती वावडी किंवा आवई. खऱ्या गोष्टीला मुद्दाम उलटा अर्थ चिकटवला, तर तो विपर्यास. फायद्यासाठी दाखवलेली लालूच, तर ती भूलथाप. गुडघेदुखी, मूळव्याध आणि मधुमेह ‘मुळापासून’ बरा करणाऱ्या बहुतेक जाहिराती या जातीच्या असतात. जुनी गोष्ट आजची म्हणून दिली, तर ती शिळी बातमी. वर्तमानपत्राकडून अनवधानाने आकडा चुकला, तर ती चूक. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती येते, यायलाच हवी. आणि बातमी खरी आहे पण मला सोसत नाही, तर ती नकोशी बातमी. तिला दुसरे कुठलेही नाव देऊ नये.

नाव बरोबर पडले की उपचार आपोआप सुचतो. बनाव दिसला तर तो पुढे पाठवू नये आणि ज्याने पाठवला त्याला एकट्याला कळवावे. वावडी असेल तर मूळ कोण ते विचारावे. विपर्यास असेल तर पूर्ण चित्रफीत, पूर्ण बातमी शोधावी. शिळ्या बातमीची तारीख पाहावी. भूलथापेला ‘औषधात काय आहे ते लेबलवर लिहून द्या’ म्हणावे. आणि नकोशी बातमी असेल तर एक घोट पाणी प्यावे आणि डॉक्टरांकडे जावे!

आरोग्याच्या कुठल्याही मजकुराला निदान चार प्रश्न विचारावेत, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो.

पहिला, सांगणारा कोण आहे? त्याचे नाव, हुद्दा, गाव लिहिले आहे का? ‘एका मोठ्या डॉक्टरने सांगितले’ हे नाव नव्हे.

दुसरा, तारीख आहे का?

तिसरा, किती जणांना? ‘लसीने त्रास होतो’ हे वाक्य अपुरे आहे. दहांत एकाला की दहा लाखांत एकाला, हे कळल्याशिवाय घाबरूही नये आणि निर्धास्तही राहू नये.

चौथा, हे खोटे निघाले तर काय बिघडेल आणि खरे निघाले तर काय बिघडेल? पाण्याला वास येतो अशी बातमी आली आणि ती खोटी निघाली, तर फार तर दोन दिवस पाणी उकळण्याचे सरपण वा गॅस वाया जाईल. खरी निघाली आणि आपण ‘फेक’ म्हणून बसलो, तर घरातले लहान लेकरू जुलाबाने सुकून जाईल. हा हिशेब प्रत्येक आईला येतो, त्यासाठी शिक्षण लागत नाही.

एवढे करूनही कळले नाही, तर आशाताईंना विचारावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, जनावरांचे असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट घरातल्या तरुणांसाठी. आबांनी किंवा मावशीने एखादा मजकूर पाठवला की चारचौघांच्या ग्रुपवर ‘फेक आहे’ असे लिहून मोकळे होऊ नका. मोठ्या माणसाचा त्यात अपमान होतो, आणि अपमान झालेला माणूस आपले म्हणणे अधिकच घट्ट धरतो. त्याऐवजी फोन करा. “आबा, हे कुणी पाठवलं होतं? त्यांना कुठून कळलं?” एवढेच विचारा. बहुतेक वेळा उत्तर शोधता शोधता आबांचे त्यांनाच उमगते. आणि कधी कधी आबांचेच बरोबर निघते, हेही ध्यानात असू द्या.

संशय घेणे वाईट नाही. आम्ही डॉक्टर लोक दिवसभर संशयच घेतो. पण संशयानंतर तपासणी असते, तपासणीनंतर निदान असते आणि मग उपचार. नुसता संशय घेऊन रोग्याला घरी पाठवणारा डॉक्टर आपण सहन करणार नाही. मग बातमीच्या बाबतीत आपण स्वतः तसे का वागावे?

(पुढील आठवड्यात : पिण्याचे पाणी घरच्या घरी निर्जंतुक करण्याच्या सोप्या पद्धती.)